चौथं लिंबू

ज्या घरात पितृपक्ष पाळतात त्या घराने ऑनलाइन काही मागवू नये, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. मी अख्खा वाचलाय. ग्राहक संरक्षण कायदा, सन दोन हजार एकोणीस, व्याख्यांसकट. बाळाला थोपटत एका हाताने मोबाइलवर वाचायला तो फार चांगला. बाळ झोपतं, आपणही पेंगायच्या बेतात असतो, आणि तेवढ्यात एखादं कलम असं काही बोलून जातं की खडबडून जाग येते.

पण कायद्याकडे मी आपणहून गेले नाही. मला बाबागाडीने नेलं.

आरोही आठ महिन्यांची झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, हिला रोज संध्याकाळी थोडं बाहेर न्या. तुम्हीही जा, तुम्हाला जास्त गरज आहे. दुसरं वाक्य त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहत म्हटलं. मी तेव्हा ग्राइप वॉटरच्या बाटलीवरची तारीख रोज सकाळी नव्याने वाचत असे, रात्रीत बदलली तर? आरोही शांत झोपली की श्वास चालू आहे ना म्हणून तिला हलवून बघत असे, आणि ती रडायला लागली की मला बरं वाटत असे. अशी बाई बाबागाडी कशी घेईल? परीक्षेला केला नाही एवढा अभ्यास करून घेईल. पट्टे किती, ब्रेक कुठे, छत्रीचं कापड कसलं, सगळं वाचलं. शेवटी टिंगूमिंगू किड्स नावाच्या कंपनीची गाडी पसंत पडली. पोच दोन आठवड्यांनी, असं लिहिलं होतं. म्हणजे पितृपक्ष संपल्या संपल्या. हिशेब चोख होता.

गाडी तिसऱ्या दिवशी दारात. त्या कंपनीने माझ्यासाठी एवढी घाई पुन्हा कधीही केली नाही.

माझ्या सासूबाईंचं नाव नवसाबाई. निफाडकडच्या. नातीसाठी म्हणून नाशिकला हिरावाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. एरवी सगळ्या बाबतीत त्या माझ्या बाजूने असतात, अगदी माझ्या नवऱ्याच्या विरोधातसुद्धा. पण खोका पाहून त्यांनी दारातच हात आडवा केला.

"सायली, हे आता उघडायचं नाय. पितरांचे दिवस हेत."

"आई, बाळाची गाडी आहे ती."

"म्हणूनच."

"म्हणूनच" या शब्दापुढे युक्तिवाद चालत नाही. खोका दारामागे उभा राहिला. घटस्थापनेला मी आशेने त्याच्याकडे पाहिलं, तर आई म्हणाल्या, "गाडी हे ना? मग गाडीची पूजा दसऱ्यालाच." मी बी.एस्सी. आहे, सूक्ष्मजीवशास्त्र. पण मूल झालेली बी.एस्सी. अशा वेळी मनात म्हणते, थांबल्याने काय बिघडतंय? काय बिघडतं त्याला रिटर्न विंडो म्हणतात. ती खिडकी, म्हणजे माल परत करायची मुदत, दहा दिवसांची होती, आणि आम्ही तिच्यासमोर झेंडूची फुलं निवडत बसलो होतो.

दसऱ्याला पार्किंगमध्ये ज्ञानेशच्या मोटरसायकलशेजारी बाबागाडी उभी राहिली. ज्ञानेश म्हणजे माझा नवरा. छत्रीवर कुंकवाचं स्वस्तिक, दांड्याला झेंडूचा हार, चारी चाकांपुढे चार लिंबं. तळमजल्यावरचे झुंबरकाका प्रमुख पाहुणे. आयुष्यभर एसटी चालवून निवृत्त झालेत, त्यामुळे चाक असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा अधिकार चालतो. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हॉर्न नाही दिला?"

ज्ञानेश कुटुंबाच्या ग्रुपसाठी व्हिडिओ काढत होता. मी आरोहीला गाडीत बसवलं, पट्टे लावले, पुन्हा तपासले. आरोहीच्या वजनाने लिंबं काही फुटेनात. तेव्हा आईंनी पदर खोचला आणि शेतावर बैलगाडी चिखलातून काढावी तसा दांड्याला रेटा दिला. पच. पच. त्याच क्षणी आरोही शिंकली, सगळे तिच्याकडे वळले, टाळ्या झाल्या, पेढे वाटले. आईंचा चेहरा जरा उतरल्यासारखा वाटला. मला वाटलं, उपासाने थकल्या असतील.

दुसऱ्या संध्याकाळी आमची पहिली फेरी. फाटकातून बाहेर पडले आणि गाडी डावीकडे वळली. मी सरळ केली. ती पुन्हा डावीकडे. पुढचं डावं चाक कधी फिरायचं, कधी अडून बसायचं. कोपऱ्यावरच्या भाजीवालीच्या मेथीच्या ढिगात आम्ही आरोहीसकट शिरलो. आरोहीला ते फार आवडलं. भाजीवाली म्हणाली, "ताई, हात लावला त्या जुड्या घ्याव्या लागतील." मी तिला म्हणाले, हात कुठे लावलाय? ती म्हणाली, "चाक लावलं ना!" आठवडाभर आमच्याकडे मेथी होती.

माणूस जुळवून घेतो. मी लवकरच शोध लावला की उजवीकडे जायचं असेल तर तीनदा डावीकडे वळायचं. दवाखाना उजवीकडे आहे. आम्ही तिथे पोचायचो, फक्त वाटेत आपली इमारत पुन्हा एकदा दिसायची. वॉचमन पहिल्यांदा हसला, दुसऱ्या फेरीला काळजीने म्हणाला, "वहिनी, काही राहिलं का घरी?"

झुंबरकाकांनी निदान केलं. गाडी रिकामी ढकलून, खाली वाकून, कान लावून. "अलाइनमेंट," ते म्हणाले. "माझी नांदगावची गाडी अशीच ओढायची. उजवीकडे भार टाका." म्हणून आरोहीच्या उजव्या बाजूला कांद्याची पिशवी ठेवली. गाडी तरीही डावीकडेच गेली, फक्त आता आरोही वाटेत एकेक कांदा बाहेर टाकायची आणि मागून येणारे लोक ते उचलून आणून द्यायचे. शेजारधर्म एवढा वाढला की मला घराबाहेर पडायची लाज वाटू लागली. मग काका पाना घेऊन आले. मी गाडीवर अक्षरशः आडवी पडले. "काका, वॉरंटी!" ते दुखावले. एसटीत त्यांना असं कोणी कधी म्हटलं नव्हतं.

कंपनीला मी त्याच आठवड्यात कळवलं होतं. तिथे चॅटवर संजना होती. "नमस्कार, मी संजना. आपली गैरसोय आम्ही समजू शकतो." किती छान, असं वाटलं. मी सविस्तर लिहिलं: डावं चाक, मेथी, दवाखाना. संजना म्हणाली, "आपली रिटर्न विंडो बंद झाली आहे." मी लिहिलं, पितृपक्ष होता. संजना म्हणाली, "आपली गैरसोय आम्ही समजू शकतो." मला उत्सुकता वाटली. मी विचारलं, संजना, तुम्हाला मुलं आहेत का? उत्तर आलं, "क्षमस्व, हा पर्याय उपलब्ध नाही." ही बाई आहे की यंत्र, यावर मी आणि ज्ञानेश दोन दिवस वाद घालत होतो. ज्ञानेशचं मत, यंत्र. माझं मत, बाईच, फक्त फार थकलेली.

मग तिने खोका उघडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ मागितला. इथे मी प्रामाणिकपणा केला. आमच्याकडे तोच एक व्हिडिओ होता, दसऱ्याचा. पाठवला. उत्तर लेखी आलं: "उत्पादनावर लाल व पिवळे अनोळखी पदार्थ आढळले. उत्पादन फळांवरून चालवण्यात आले. पुढील डाव्या चाकात फळाचा रस व गर गेल्याने बिघाड झाला आहे. हा गैरवापर असल्याने वॉरंटी लागू नाही."

अनोळखी पदार्थ! हळदीकुंकू!

मी ते घरात मोठ्याने वाचून दाखवलं. मला वाटलं आई पेटून उठतील. त्या उठल्या, पण स्वयंपाकघरात गेल्या. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की दसऱ्यापासून त्यांनी बाबागाडीला हात लावलेला नाही. आरोहीला त्या कडेवर घेऊन फिरायच्या, कंबर धरून. गाडी दिसली की तोंड फिरवायच्या.

"सायली, दे सोडून. माझ्यामुळंच झालं ते. तू पूजेचं काय बोलू नको कोणाला."

"आई, लिंबाने चाकं बिघडत असती तर नाशिकमध्ये दसऱ्यानंतर एकही मोटार चालली नसती."

त्यांनी आरोहीला उगीचच मीठमोहरीने ओवाळलं. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा.

मला राग कंपनीचा आला होता, पण झोप उडवली होती ती या गोष्टीने. माझ्या घरात एक बाई कुंकू लावल्याबद्दल अपराधी होऊन बसली होती. आणि खरं सांगू, मला कुतूहलही होतं. चाक मुळात का अडतं? लिंबू खरंच गैरवापर आहे का? दोष कशाला म्हणतात, हे कोण ठरवतं? त्या प्रश्नांसाठी मी कायदा उघडला.

आणि काय सांगावं! दोष म्हणजे काय याची व्याख्या होती. सदोष माल परत घ्यायला नकार देणं म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा, हे होतं. पुढे लिहिलं होतं की बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस. मी बिल शोधलं. बिलावर मुदत नव्हती. एक हसरा टेडी होता आणि खाली आभार. दहा दिवसांची अट वेबसाइटच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात. दसरा धरूनसुद्धा आम्ही तीस दिवसांत बसत होतो! मी आरोहीला उठवलं आणि सांगितलं. ती रडली. कायद्याचं ज्ञान झालं की पहिल्यांदा असंच होतं.

१९१५ या हेल्पलाइनवरच्या बाईंनी तक्रार शांतपणे नोंदवून घेतली आणि कंपनीकडे पाठवली. कंपनीने तेच फळाचं उत्तर दिलं. मग बाई म्हणाल्या, आता तुम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकता. वकील लागत नाही. राहता त्या जिल्ह्यातच दाखल करता येते. आपल्या एवढ्याशा गाडीला फीसुद्धा नाही. मी तीनदा विचारलं, वकील खरंच लागत नाही? त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही ज्या पद्धतीने विचारताय ना, तुम्हाला नाहीच लागणार."

वरच्या मजल्यावरच्या संध्याताई ऑनलाइन अर्ज भरायला आल्या. त्या बँकेत आहेत, त्यामुळे साइट बंद पडली की त्यांना घरच्यासारखं वाटतं. व्हिडिओ अपलोड करताना "फाइल मोठी आहे" असं येत राहिलं. संध्याताई म्हणाल्या, "पूजा छोटी करायची होती." अर्जात विरुद्ध पक्षाला सामनेवाले म्हणतात. प्रतिज्ञापत्रात मी शपथेवर लिहिलं की गाडी डावीकडे जाते. नोटरी करणाऱ्या गृहस्थांनी चष्मा वर केला. "एवढंच?" मी म्हणाले, तुम्ही चालवून बघा. त्यांनी शिक्का मारला.

मग तारखा. एका तारखेला कंपनी आली नाही, एका तारखेला आली तर कागद नव्हते. मधल्या काळात आरोही सोफ्याला धरून उभी राहू लागली. झुंबरकाका म्हणाले, "निकाल लागेपर्यंत ती लायसन काढेल."

खरी सुनावणी लागली त्या दिवशी मी गाडी बरोबर नेली. आईंना यायचं नव्हतं. पण आरोहीला सांभाळायला कोणी हवं, म्हणून आल्या, आणि मागच्या बाकावर पदर गुंडाळून बसल्या. रिक्षावाल्याने गाडी मागे बांधली होती. आयोगाच्या आवारात तिला खाली ठेवल्याबरोबर ती डावीकडे वळून एका वकिलांच्या पायावर गेली. नंतर कळलं, ते सामनेवाल्यांचेच वकील.

मुलगा सज्जन होता. आमचा पुकारा झाल्यावर पाय चोळत उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, आमचं म्हणणं एवढंच आहे की उत्पादन कारखान्यातून निर्दोष निघालं. तक्रारदारांनी ते लिंबांवरून नेलं. आम्लामुळे चाकाचा आतला भाग जाम झाला. व्हिडिओ तक्रारदारांचाच आहे."

आयोगाच्या अध्यक्षा मॅडम चष्म्यावरून माझ्याकडे पाहू लागल्या. मी आरशासमोर पाठ केलेलं सगळं विसरले. फक्त म्हणाले, "मॅडम, पूजा होती."

"दाखवा," त्या म्हणाल्या.

लॅपटॉपवर व्हिडिओ सुरू झाला. झेंडू, झुंबरकाकांची चक्कर, ज्ञानेशचा अंगठा, आईंचा रेटा. पच, पच. आरोहीची शिंक. हा व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल, आणि प्रत्येक वेळी शिंकेला आरोहीकडे पाहिलं होतं. आई होते ना मी. पण त्या दिवशी इतकी घाबरले होते की आरोहीकडे बघायचं धैर्य नव्हतं. मी खालच्या कोपऱ्यात पाहत राहिले. तिथे काहीतरी पिवळं गडगडत गाडीच्या पुढे गेलं. मग एक हात आला, हिरव्या बांगड्यांचा, आणि ते पिवळं उचलून पदरात गेलं.

"मॅडम, जरा मागे घ्या ना," मी म्हणाले. कोणत्या तोंडाने म्हणाले ते माहीत नाही.

पुन्हा तेच. गडगड, हात, पदर.

मी मागे वळले. आईंनी डोळे मिटून घेतले होते.

"आई, काय उचललंत तुम्ही?"

"बसून बोला, आजी," मॅडम म्हणाल्या. पण आई उभ्या राहिल्या.

"बाई, लिंबू व्हतं. तीनच फुटली. चौथं फुटलंच नाय, चाकानं ढकलत पुढं नेलं त्याला. माझ्या काळजात चर्र झालं. पोरीच्या पहिल्याच गाडीला इघ्न, असं वाटलं. कोणाला दिसू नये म्हणून पदरात घेतलं आन् दुसऱ्या दिवशी गंगेवर जाऊन नदीत सोडून आले. ह्या पोरीला पण सांगितलं नाय. तवापासनं मी त्या गाडीला शिवले नाय, बाई. पोरीला काय झालं असतं म्हंजे?"

मॅडमनी शांतपणे विचारलं, "कोणत्या चाकाखालचं लिंबू होतं, आजी?"

"डाव्या. पुढच्या."

मॅडमनी वकिलांकडे पाहिलं. "आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे बिघाड कोणत्या चाकात?"

"पुढच्या... डाव्या." त्याने कागद बघितला, नसता बघितला तरी चाललं असतं.

"फिरणारं चाक लिंबावर चढतं आणि त्याला चिरडतं. अडलेलं चाक त्याला पुढे ढकलतं. म्हणजे पहिल्या फुटालाच हे चाक अडलेलं होतं. आणि जे लिंबू फुटलंच नाही त्याचा रस तुमच्या चाकात कुठून गेला?"

वकील मुलगा गाडीकडे पाहू लागला. गाडीही, मला वाटतं, त्याच्याकडेच पाहत होती. तो तिच्या डावीकडे उभा होता.

बाहेर आल्यावर आई पायरीवर बसल्या. मी शेजारी बसले. मला खूप काही विचारायचं होतं, पण त्यांनीच विचारलं. "म्हंजे ते इघ्न नव्हतं?"

"नाही आई. ते फक्त वाईट चाक होतं."

त्यांनी आरोहीला माझ्या मांडीवरून घेतलं, बाबागाडीत ठेवलं, स्वतःच्या हाताने पट्टे लावले आणि म्हणाल्या, "चल. रिक्षापर्यंत डावीकडूनच जायचं हे ना?"

निकाल आमच्या बाजूने लागला: नवी गाडी द्या, आणि मनस्तापाबद्दल भरपाईसुद्धा. मनस्ताप हा शब्द सरकारी कागदावर पाहून मला भरून आलं. तो माझा एवढा जुना सोबती, पण त्याची दखल तोवर कोणी घेतली नव्हती.

नवी गाडी आली तेव्हा आरोही घरभर पळत होती. आणि आली कधी? पुन्हा पितृपक्षात. त्या कंपनीला आमचे पितर बरोबर माहीत आहेत. दार उघडलं तर डिलिव्हरीवाला खोका घेऊन उभा. मी जुन्या सवयीने खोका दारामागे ढकलायला वाकले.

"काय करती?" आई स्वयंपाकघरातून सुरी घेऊनच आल्या. "उघड आधी! परतीचे दिवस चालू झाले आत्तापासनं."

"आई, पितृपक्ष आहे."

"असू दे. पितरांना कळतं. ते बी कधीतरी गिऱ्हाइकच व्हते."

खोका उंबऱ्यातच फाडला. आरोहीने गाडीत बसायला साफ नकार दिला आणि जिन्याकडे पळाली, मी तिच्यामागे. डिलिव्हरीवाला घड्याळ बघत म्हणाला, "मावशी, मोबाइलवर ओटीपी आला असेल, तेवढा सांगा. मला त्र्यंबक रोडला जायचंय."

"थांब की जरा."

आईंनी आरोहीच्या जागी कांद्याची पिशवी बसवली, तिला पट्टे लावले आणि चारी चाकांपुढे चार लिंबं मांडली. कुंकू नाही, हार नाही. तळमजल्यावरून झुंबरकाका धापा टाकत वर आले, त्यांना कसा वास लागतो देव जाणे. आईंनी पदर खोचला, दांड्याला तसाच रेटा दिला, आणि लगेच खाली वाकून एकेका चाकाकडे पाहिलं. डिलिव्हरीवालाही वाकला. काकाही वाकले. आरोहीला काखेत धरून मीही वाकले.

चौथं लिंबू पार सपाट झालं होतं. रस कंपनीच्या चाकाखालून वाहत आमच्या फरशीवर आला होता.

आई उठल्या, हात पदराला पुसले आणि माझा मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला.

"हां," त्या डिलिव्हरीवाल्याला म्हणाल्या, "आता लिही तुझा ओटीपी."